खाडीतल्या माशांचे डीएनए नमुने: पाण्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

१९५९ साली कॅलिफोर्नियात जपानहून वाकासागी नावाचा बोटभर लांबीचा मासा आणून धरणांच्या जलाशयांत सोडला गेला. ट्राउटला खाद्य मिळावं एवढाच हेतू होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत राहणारा डेल्टा स्मेल्ट आणि हा वाकासागी तेव्हा एकाच जातीचे समजले जात, त्यामुळे आपण परका मासा आणतोय असं कुणाच्या मनात आलं नाही. १९६३ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ मॅकॅलिस्टर यांनी डेल्टा स्मेल्टला हायपोमेसस ट्रान्सपॅसिफिकस हे नाव दिलं, पण वाकासागीला त्याचीच उपजात धरलं. पुढे प्रथिनांची आणि मग डीएनएची तुलना झाली तेव्हा हे दोघे चांगलेच दूरचे निघाले. तोवर वाकासागी जलाशयांतून खाली उतरून नदीमुखाच्या प्रदेशात पोचला होता आणि दोघांचे संकरही सापडू लागले होते. डेल्टा स्मेल्ट जगात फक्त याच एका खाडीत आहे. १९९३ मध्ये तो कायद्याने संरक्षित झाला, तरी २०१८ पासून पुढची कित्येक वर्षं शरद ऋतूतल्या नेहमीच्या जाळी-पाहणीत त्याचा निर्देशांक शून्य लागला. त्याच्या ऱ्हासाची मुख्य कारणं वेगळी आहेत: वळवलेलं पाणी, बदललेला क्षार, १९८६ मध्ये आलेला परका शिंपला. पण जातीची ओळख धड नसेल तर परका मासा किती सहज आत येतो, हे या गोष्टीतून स्पष्ट दिसतं.

कोकणातल्या खाड्यांमध्येही ओळखीचे असे प्रश्न आहेत. बोय म्हणून आपण जे मासे एका टोपलीत टाकतो त्यात अनेक जाती असतात, आणि त्यातल्या मुगिल सेफॅलस या एका नावाखाली जगभरात डझनाहून जास्त वेगळ्या आनुवंशिक शाखा सापडल्या आहेत. जिताड्याला वर्षानुवर्षं लेट्स कॅल्केरिफर हे एकच नाव होतं. २०१२ मध्ये श्रीलंका आणि म्यानमारमधून त्याच्या दोन नव्या सख्ख्या जाती वर्णिल्या गेल्या. शिंगाळ्यांच्या पिल्लांवरून जात सांगणं तर जाणत्यालाही जड जातं.

हा लेख बीएस्सी-एमएस्सीचे विद्यार्थी, कॉलेजातले शिक्षक आणि खाडीकाठच्या जिज्ञासूंसाठी आहे. डीएनए काढायचं आणि वाचायचं काम प्रयोगशाळा पैसे घेऊन करून देते. पण नमुना कुठे, केव्हा, कसल्या पाण्यात आणि कसा घेतला यावर त्या वाचनाची सगळी किंमत ठरते, आणि ते काम दुसरं कुणी करून देत नाही. म्हणून लेखाचा मोठा भाग खाडीवरच जाणार आहे.

प्रश्न आधी लिहून काढा

वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात प्रश्न लिहा. साधारण तीन प्रकार असतात. पहिला: हा मासा कुठल्या जातीचा? त्यासाठी प्रत्येक जातीचे पाचेक मासे पुरतात. दुसरा: दाभोळच्या खाडीतला जिताडा आणि कुंडलिकेच्या खाडीतला जिताडा एकच कळप आहे की वेगळे? इथे प्रत्येक ठिकाणाहून किमान तीसेक मासे लागतात, आणि तेही एकाच जाळ्यात एकाच वेळी सापडलेले नकोत. एका झुंडीतली पिल्लं बहुधा भावंडं निघतात आणि सगळं गणित बिघडतं. तिसरा: हा मासा संकर आहे का, किंवा हॅचरीतून, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रातून, सुटलेला आहे का? तिसऱ्या प्रश्नाला पहिल्याची पद्धत चालत नाही. याचं कारण पुढे येईल, पण नमुने गोळा करायच्या आधीच ते माहीत असायला हवं.

परवानगी

ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य किंवा मालवणचं सागरी अभयारण्य असेल तर वन विभागाची लेखी परवानगी हवी. करवती मासा, समुद्रघोडा असे वन्यजीव कायद्याने संरक्षित जीव जाळ्यात आले तर तसेच परत सोडायचे, त्यांचा नमुना घ्यायचा नाही. नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असतील तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. सुरुवातीचं काम देशातल्याच प्रयोगशाळेत करा, ते सोपं पडतं. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय इथल्या जाणकारांशी आधी बोलून घेतलं तर पुढचे पुष्कळ फेरे वाचतात.

पाणी मोजल्याशिवाय मासा मोजू नका

नवखे लोक हा टप्पा हटकून गाळतात. मासा हाती आला की सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे जातं आणि पाण्याची नोंद राहून जाते. खाडीत नकाशावरची जागा अर्धीच माहिती देते. त्याच धक्क्यावर मे महिन्यात जवळजवळ समुद्राचं पाणी असतं, म्हणजे तीस पीपीटीच्या (हजार भागांत तीस भागांच्या) वर क्षार, आणि जुलैत तिथेच जवळपास गोडं पाणी वाहतं. एका दिवसातही भरती-ओहोटीबरोबर आकडा खालीवर होतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत तर ठिकाण क्षारावरूनच मोजतात. तळाशी दोन पीपीटी क्षार असलेली रेघ गोल्डन गेटपासून, म्हणजे खाडीच्या समुद्राकडच्या तोंडापासून, किती किलोमीटर आत आहे, हा तिथला रोजचा आकडा आहे आणि धरणातून किती पाणी सोडायचं हे ठरवताना तो धरला जातो. डेल्टा स्मेल्टचा मोठा वावर याच कमी क्षाराच्या पट्ट्यात असे. पट्टा सरकला की मासाही सरके.

आपल्याकडे एवढं करा. पंचांगातून किंवा भरतीच्या तक्त्यातून उधाण आहे की भांग (कमी चढ-उताराची भरती) ते बघा आणि नमुना घेतेवेळी भरती होती की सुकती, ती सुरू होऊन किती तास झाले, ते लिहा. क्षार मोजायला हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. आधी त्यावर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून आत दिसणारी रेघ शून्यावर आणा. पाणी पृष्ठभागाचंही घ्या आणि तळाचंही, कारण जड खारं पाणी गोड्या पाण्याच्या खालून आत शिरतं आणि वरून त्याचा पत्ता लागत नाही. तळाचं पाणी काढायला महागडं यंत्र नको. काचेच्या बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, बाटली तळाला टेकली की बुचाची दोरी खेचा. बुडबुडे थांबले की बाटली वर घ्या.

गढूळपणासाठी काळ्या-पांढऱ्या चार भागांत रंगवलेली, वीस सेंटिमीटर व्यासाची तबकडी दोरीने खाली सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी लिहा. हा आकडा फालतू वाटतो, पण डेल्टा स्मेल्टच्या बाबतीत तो कळीचा ठरला. त्याच्या पिल्लांना गढूळ पाण्यात भक्ष्य नीट दिसतं आणि ती जास्त खातात. म्हणून त्याची पैदास करणारे टाकीतल्या पाण्यात मुद्दाम शेवाळ मिसळून ते गढूळ करतात. खाडीचं पाणी वर्षागणिक स्वच्छ दिसू लागलं, तसं त्याच्यासाठी ते वाईट होत गेलं. आपल्या निवटीला, मुडदुशाला किती गढूळपणा मानवतो याच्या नोंदी व्हायला हव्यात, आणि त्या कुठल्याही विद्यार्थ्याला करता येतील.

मासा मिळवणं

स्वतः जाळं टाकायच्या भानगडीत पडू नका. काठावरच्या मच्छीमारांच्या रोजच्या पकडीतूनच नमुने घ्या. पाग (फेकायचं जाळं), कांडाळ (उभं लावायचं जाळं) आणि बोक्शी (पिशवीसारखं जाळं) यांत येणारे मासे वेगवेगळे असतात: पागेत उथळावरची बोय, कांडाळीत आसाच्या (जाळ्याच्या छिद्राच्या) मापाचा मासा, बोक्शीत ओहोटीबरोबर वाहून येणारी बारीक पिल्लं. म्हणून जाळ्याचा प्रकार आणि आसाचं माप लिहिलंच पाहिजे. नाहीतर उद्या कुणी तुमच्या नोंदीवरून म्हणेल की या खाडीत मोठा मासाच उरला नाही, आणि खरं कारण बारीक आसाचं जाळं असेल.

मच्छीमाराने सांगितलेलं स्थानिक नाव जसंच्या तसं लिहा, स्वतः दुरुस्त करू नका. रायगडात जिताडा तो गोव्यात चणक, बोय ती गोव्यात शेवटा. एकाच गावात लहान आणि मोठ्या माशाला वेगळी नावं असतात, तीही टिपा. काका-मावश्यांना विचारा की हा मासा पूर्वी कुठवर आत मिळायचा, पिल्लं कुठल्या महिन्यात येतात. जिताडा नदीमुखाशी अंडी घालतो, पिल्लं खाजणात वाढतात आणि बहुतेक मासे आधी नर असतात, मोठे झाल्यावर मादी होतात. म्हणजे बाजारात सर्वात मोठा जिताडा उचलला जातो तेव्हा बहुधा मादीच उचलली जाते. लांबीच्या नोंदीला म्हणूनच महत्त्व आहे.

फोटो आणि मापं

मासा ताजा असतानाच फोटो काढा, तासाभरात रंग उडतात. डावी बाजू वर, तोंड डावीकडे, शेजारी पट्टी आणि नमुन्याचा क्रमांक. पर टाचण्यांनी उघडून थर्मोकोलवर पसरा, कारण जात ठरवताना परांतले काटे आणि मऊ दांडे मोजावे लागतात. एकूण लांबी, शेपटीचा पर वगळून लांबी आणि वजन लिहा. ऊती घ्यायची ती उजव्या बाजूने, म्हणजे फोटोतली बाजू शाबूत राहते. प्रत्येक जातीचा निदान एक मासा पूर्ण जपून ठेवा. पुढे डीएनए एक सांगेल आणि नाव दुसरं, तेव्हा परत जाऊन खवले मोजता येतील असा मासा हाताशी हवा.

पराचा तुकडा

आता मुख्य काम. शेपटीच्या किंवा उजव्या कटिपराच्या (पोटाकडच्या जोडीतल्या पराच्या) कडेचा तांदळाच्या दोन दाण्यांएवढा तुकडा पुरतो. जिवंत मासा सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला बुरशी लागते. अर्ध्या मिनिटात तुकडा कापून मासा पाण्यात. पर पुन्हा वाढतो. मेलेल्या माशाचा उजव्या बाजूच्या कातडीखालचा स्नायू चालतो. कल्ले आणि पोट टाळा, तिथे दुसऱ्या जिवांचा डीएनए असतो.

प्रत्येक माशाला नवं ब्लेड वापरणं उत्तम. ते जमत नसेल तर कात्री आणि चिमटा आधी पाण्याने धुवा, मग पातळ ब्लीचमध्ये बुडवा, पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवा आणि टिश्यूने पुसा. नुसतं स्पिरिटने पुसून भागत नाही, स्पिरिट डीएनए नष्ट करत नाही, उलट जपतं. बोयच्या कात्रीने जिताडा कापला तर यंत्र दोघांचे डीएनए वाचेल आणि निकाल कुणाचाच राहणार नाही.

तुकडा पंचाण्णव टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉलमध्ये टाका. ऊती एक भाग तर इथेनॉल दहा भाग. ऊतीतलं पाणी उतरून इथेनॉल पातळ होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते ओतून नवं भरा. रंगाच्या दुकानात मिळणारं डिनेचर्ड स्पिरिट वापरू नका. शुद्ध इथेनॉलवर उत्पादन शुल्काचे नियम आहेत, ते कॉलेजच्या रसायन विभागामार्फत मागवावं लागतं. मिळालंच नाही तर तुकडा स्वच्छ गाळणकागदावर पसरून सावलीत पूर्ण वाळवा आणि सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद पिशवीत ठेवा. पावसाळ्यात कोकणच्या दमट हवेत हे जमत नाही, बुरशी धरते. फॉर्मॅलिन मात्र अजिबात नको. जुन्या संग्रहालयांतले मासे त्यात ठेवलेले असतात, म्हणूनच त्यांचा डीएनए मिळवणं एवढं कठीण जातं.

चिठ्ठी हा सगळ्यात कच्चा दुवा. बॉलपेनची शाई आणि बहुतेक मार्कर इथेनॉलमध्ये विरघळतात. ट्रेसिंग पेपरच्या पट्टीवर पेन्सिलीने क्रमांक लिहून ती पट्टी नळीच्या आत, तुकड्याबरोबर टाका. नळीच्या बाहेरही लिहा, झाकणावर लिहू नका, कारण झाकणांची अदलाबदल होते. क्रमांकात खाडीचं संक्षिप्त नाव, वर्ष आणि अनुक्रम असावा, आणि तोच वहीत, फोटोत आणि नळीत सारखा असावा. त्याच संध्याकाळी दिव्याखाली बसून तिन्ही ठिकाणचे क्रमांक ताडून पाहा. एक आकडा घसरला तर पुढचे सगळे नमुने एकेक घर सरकतात आणि ते प्रयोगशाळेतून निकाल आल्यावरच कळतं.

प्रयोगशाळेत काय होतं

हा भाग थोडक्यात, कारण तो ठरलेला आहे. डीएनए वेगळा काढतात, माइटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) सीओआय जनुकाचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा तुकडा पीसीआरने, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, वाढवतात, जेलवर पट्टी दिसते का बघतात आणि दोन्ही बाजूंनी वाचतात. माशांसाठी हा तुकडा वापरायची पद्धत २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या माशांवरच्या कामातून रुळली. प्रयोगशाळेला सांगून ठेवा की डीएनए नसलेला, नुसत्या पाण्याचा एक कोरा नमुनाही सोबत चालवा. त्यातही पट्टी आली तर सगळी तुकडी पुन्हा करावी लागेल.

निकाल वाचताना

प्रयोगशाळा अक्षरांची फाइल आणि रंगीत शिखरांची फाइल अशा दोन पाठवते. बहुतेक जण फक्त पहिली उघडतात. दुसरी आधी उघडा. सुरुवातीची आणि शेवटची शिखरं एकमेकांत मिसळलेली असतात, ती कापून टाका. मधेच एका जागी दोन रंगांची शिखरं सारख्याच उंचीची दिसली तर भेसळीचा संशय घ्या.

मग अक्षरांचं अमिनो आम्लांत रूपांतर करून बघा, पृष्ठवंशीय माइटोकॉन्ड्रियाचा संकेत निवडून. मधे थांबण्याचा संकेत आला तर तुम्ही बहुधा खरं जनुक वाचलेलं नाही, केंद्रकात जाऊन पडलेली त्याची निकामी प्रत वाचली आहे. यातून पार पडलेला क्रम जेनबँक आणि बोल्ड या सार्वजनिक संग्रहांशी ताडा.

पहिल्या ओळीतलं नाव उचलून मोकळं होऊ नका. पहिल्या वीस नोंदी वाचा. नव्याण्णव टक्के जुळणाऱ्या नोंदींत दोन-तीन वेगळी नावं दिसली तर संग्रहात कुणीतरी मासा चुकीचा ओळखून टाकलेला असू शकतो. ज्या नोंदीला जपलेला मासा, फोटो आणि ठिकाण जोडलेलं आहे तिच्यावर जास्त भरवसा ठेवा. समुद्री आणि खाडीतल्या बहुतेक माशांत एका जातीतला फरक एक टक्क्याच्या आत राहतो आणि दोन टक्क्यांच्या वर गेला तर जात वेगळी असण्याची शंका घेतात. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. बोयच्या बाबतीत तर जवळची नोंद कुठल्या समुद्रातली आहे हेही बघा.

एवढ्यावरून जे म्हणता येत नाही

माइटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. डेल्टा स्मेल्ट मादी आणि वाकासागी नर यांचा संकर सीओआयवर शुद्ध डेल्टा स्मेल्ट दिसेल. संकर ओळखायला केंद्रकातल्या डीएनएवरच्या खुणा लागतात. रायगडच्या तळ्यांत सोडलेलं हॅचरीचं जिताड्याचं बीज खाडीत सुटून स्थानिक माशांत मिसळतंय का, हाही याच प्रकारचा प्रश्न आहे. आई-बाप दोघेही जिताडाच, त्यामुळे सीओआय तिथे फारसं काही सांगणार नाही. मायक्रोसॅटेलाइट (डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) किंवा एकेका अक्षरातले फरक मोजणारी चाचणी हवी आणि त्यासाठी हॅचरीतल्या माशांचे नमुनेही तुलनेला हवेत.

या केंद्रकी खुणांचा फार काटेकोर वापर डेल्टा स्मेल्टसाठी झाला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (युसी डेव्हिस) बायरन इथल्या पैदास केंद्रात २००८ पासून प्रत्येक पिढीतल्या माशांना ओळखीचा टॅग लावतात, पराचा तुकडा तपासतात आणि ज्यांचं नातं सर्वात लांबचं अशा नर-मादीची जोडी ठरवतात. मासा जेमतेम वर्षभर जगतो, म्हणजे हा सोपस्कार दरवर्षी नव्याने. डिसेंबर २०२१ पासून त्यांतले मासे प्रयोग म्हणून नदीत सोडायला सुरुवात झाली.

जनुकं काय सांगत नाहीत हेही याच माशाने दाखवलं. आनुवंशिक दृष्टीने डेल्टा स्मेल्ट हा एकच मिसळलेला समूह आहे. पण त्यांच्या कानातले खडे कापून त्यांतल्या स्ट्रॉन्शियमची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, ज्यांचं प्रमाण पाण्यानुसार बदलतं) थराथराने मोजली, तेव्हा काही मासे जन्मभर गोड्या पाण्यात, काही निमखाऱ्यात राहिलेले आणि बाकीचे दोन्हींत ये-जा केलेले आढळले. हे तिन्ही मार्ग पराच्या तुकड्यात दिसत नाहीत. म्हणून पूर्ण जपलेल्या माशाच्या डोक्यातला खडा काढून कोरड्या नळीत, त्याच क्रमांकाने ठेवा. आज तपासायला पैसे नसले तरी चालेल.

नुसतं पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून मासे ओळखायची पद्धतही आता वापरात आहे. आपल्या गढूळ खाड्यांत गाळणी लगेच तुंबते, आणि भरतीबरोबर डीएनएही किलोमीटरभर सरकतो. सुरुवात तिने करू नका. त्यापेक्षा स्मेल्टवर विकसित झालेली २०२० सालची क्रिस्पर चाचणी (डीएनएचा ठरावीक तुकडा हेरणारं तंत्र) लक्षात ठेवण्याजोगी आहे: माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर कापसाच्या बोळ्याने टिपून डेल्टा स्मेल्ट, लाँगफिन स्मेल्ट आणि वाकासागी वेगळे ओळखता येतात, पर कापावाच लागत नाही. नाजूक माशांसाठी हा फार मोठा दिलासा आहे.

शेवटची कामं

क्रम सार्वजनिक संग्रहात टाका आणि सोबत ठिकाण, तारीख, क्षार, भरतीची वेळ, जाळं आणि स्थानिक नाव हे सगळं भरा. त्या रकान्यांची सक्ती नसते, म्हणून ते रिकामे राहतात. प्रत्येक तुकड्याचा अर्धा भाग उणे वीस अंशांवर राखून ठेवा, पुढच्या वर्षीचा प्रश्न वेगळा असू शकतो. आणि ज्यांच्या टोपलीतून मासे घेतले त्यांना एका पानावर मराठीत निकाल लिहून द्या: कुठला मासा, त्याची कुठली जात निघाली, पिल्लं कुठल्या महिन्यात कुठे सापडली. ते पान वाचून मच्छीमार तुमच्या नोंदींतल्या दोन-तीन गोष्टी खोडतील, त्या वहीत तारखेसह उतरवून घ्या.